कोरलेली नावे, कोरे नामकोष

लक्झरहून नाईलच्या काठाने उत्तरेस गेल्यास अबिडोस आणि डेंडेरा ही दोन प्राचीन देवालये एका दिवसात पाहून परतता येते. आणि ज्याला स्वतंत्र मोटार भाड्याने घेणे परवडेल त्याने तसेच जावे, असे मी आग्रहाने सांगेन. जथ्याबरोबर निघालेल्यांच्या वाट्याला देवालय येते ते घड्याळाच्या हिशेबाने. आपल्या मर्जीने निघालेल्याला मात्र एकाच भिंतीपुढे तासभर उभे राहण्याची मुभा असते, आणि या दोन ठिकाणी ती मुभा फार मोलाची आहे. उसाच्या मळ्यांमधून जाणारा लांबचा रस्ता आधी काटून अबिडोस गाठावे व परतताना डेंडेऱ्याला थांबावे, हा क्रम मला योग्य वाटतो.

अबिडोसचे देवालय पहिल्या सेतीने इसवी सनापूर्वी तेराव्या शतकात बांधावयास घेतले आणि त्याचा पुत्र दुसरा रामसेस याने ते पुरे केले. चुनखडीच्या दगडात सेतीच्या कारागिरांनी काढलेली उठावाची शिल्पे इतकी नाजूक आहेत, की राजाच्या तलम वस्त्राच्या चुण्यांवरून नजर हलत नाही. तेथल्या एका अरुंद बोळात सेती धूप दाखवीत उभा आहे, त्याच्यापुढे कुमार रामसेस पपायरसची गुंडाळी धरून वाचतो आहे, आणि समोर पूर्वसूरींची व सेतीची मिळून 76 राजनामे लंबगोल नामकोषांत ओळीने मांडली आहेत. त्यांत हॅटशेपसुट नाही, अखेनातेन नाही, तुतनखामेनही नाही. तिसऱ्या आमेनहोतेपच्या नावापुढे एकदम होरेमहेबचे नाव येते. इतिहासाचे दप्तर समजून ही भिंत वाचणारा तिला खोटी ठरवील. परंतु आपल्याकडे श्राद्धात नामगोत्र उच्चारून पिंड देतात, तशीच ही यादी अन्नोदकासाठी होती, आणि तीतून ज्याचे नाव खारीज झाले त्याला परलोकी नैवेद्याचा वाटा मिळावयाचा नव्हता. एखाद्याची कीर्ती पुसणे निराळे आणि मृताला उपाशी ठेवणे निराळे. मला हे दुसरे अधिक क्रूर वाटते. हा नैवेद्य अखंड चालावा म्हणूनच सेतीने दूर न्यूबियात, नौरी येथे, खडकावर सनद कोरविली, की या देवालयाच्या माणसांना कोणा अंमलदाराने वेठीस धरू नये. आणि हुकूम मोडणाऱ्यांसाठी नाककान कापण्यापर्यंतच्या शिक्षा तीत फर्माविल्या.

डेंडेऱ्याचे हॅथोर देवीचे देवालय याहून बारा शतकांनी अलीकडचे. त्याचे काम इसवी सनापूर्वी 54 मध्ये बाराव्या टॉलेमीच्या अमदानीत सुरू झाले. तो तीन वर्षांनी वारला आणि गादीसाठी त्याच्या मुलांमध्ये कलह माजला. आतल्या दालनांत राजा देवीला मद्य, आरसा, झंकारवाद्य अर्पण करताना दिसतो, त्याचा मुकुट, हात, मुद्रा सारे यथास्थित आहे, पण कित्येक ठिकाणी नामकोष कोरेच आहेत. तख्तावर कोण टिकेल याचा भरवसा नव्हता, म्हणून ते तसे राहिले असे अभ्यासक मानतात. मला त्या कोऱ्या जागांपुढे आदर वाटला, कारण राजा ठरेपर्यंत देवीची सेवा खोळंबली नाही, टाकीही थांबली नाही. मागच्या भिंतीवर क्लिओपात्रा व तिचा पुत्र सीझेरियन भव्य आकारात उभे आहेत. इसवी सनापूर्वी 30 मध्ये दोघांचाही अंत झाला, आणि दर्शनी मंडपाचे 24 स्तंभ उभे राहिले तेव्हा रोमचा टायबेरियस सम्राट होता.

येथून थोड्या अंतरावर, नदीच्या पलीकडे, कोप्टोस म्हणजे आजचे किफ्त आहे. हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावरून तांबड्या समुद्राच्या बंदरांत उतरलेला माल उंटांच्या पाठीवरून वाळवंट ओलांडून येथे नाईलच्या नावांवर चढे. त्या व्यापारात आपले कल्याण आणि सोपारेही होते. त्याच कालखंडात कार्ल्याच्या चैत्यगृहातील स्तंभांवर धेनुकाकटच्या यवन दात्यांची नावे कोरली गेली, आणि तेथले द्वार घडविणाऱ्या सामी नावाच्या सुताराचीही नोंद झाली. डेंडेऱ्याच्या भिंतींवर प्रत्येक विधी राजाच्याच हातून घडतो. ज्यांनी छन्नी चालविली त्यांच्यासाठी तेथे एकही नामकोष नाही, आणि त्या देवालयाविषयी मला खरोखर काही जाणून घ्यावयाचे असेल तर ते त्या माणसांविषयीच.