पत्रा उतरवल्यावर काय उरतं

जुन्या वस्तूचे किती भाग बदलले की ती वस्तू तीच राहत नाही? ग्रीसमधल्या अथेन्सच्या लोकांनी थीसियसचं जहाज जपून ठेवलं होतं आणि कुजेल ती फळी काढून नवी बसवत गेले. अशाने ते जहाज तेच राहिलं की दुसरं झालं, यावर तिथले तत्त्वज्ञ भांडत, असं प्लुटार्कने लिहून ठेवलं आहे. मी दापोडीच्या एसटी कार्यशाळेत आयुष्यभर पत्र्याचं काम केलं. सकाळी घोरावाडीहून लोकल धरायची, दापोडीला उतरायचं आणि दिवसभर हाच प्रश्न हातात घेऊन ठोकत बसायचं, अशी नोकरी होती. तेव्हा त्याला तत्त्वज्ञान म्हणतात हे ठाऊक नव्हतं. आता निवृत्तीनंतर घराच्या अंगणात एक जुना अॅल्युमिनियमचा ट्रेलर उघडून बसलो आहे, आणि या वयात तो प्रश्न टाळता येत नाही.

ट्रेलर म्हणजे मोटारीमागे जोडून न्यायचं चाकावरचं घर. हा अमेरिकी बनावटीचा आहे. लोणावळ्याच्या एका बंगल्याच्या आवारात फणसाखाली कित्येक वर्षं उभा होता. लोणावळ्याचा पाऊस वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर जातो. त्या पावसात पत्र्याची घरं गंजून भुगा होतात, हा मात्र उभा राहिला, कारण अॅल्युमिनियम लोखंडासारखं गंजत नाही. हवा लागताच त्याच्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर चढतो आणि तोच आतल्या धातूला राखतो. जिथे हा पत्रा खालच्या लोखंडी चासीला टेकला होता तिथे मात्र दोन धातूंच्या मध्ये ओल राहून अॅल्युमिनियमची पांढरी पूड झाली होती. जमिनीचा प्लाय कडेकडेने कुजला होता. मालकांनी निरोप पाठवला, "काका, पूर्वी होता तसा करून द्या." मी विचारलं, कधी होता तसा? कारखान्यातून बाहेर पडला तेव्हासारखा, की तुमच्या आजोबांनी त्यात पडदे लावले तेव्हासारखा? त्यांनी बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, तुम्हीच ठरवा.

या जातीचे ट्रेलर अमेरिकेत १९३० च्या दशकात निघाले. हॉली बोलस हा विमानं बांधणारा माणूस, लिंडबर्गच्या अटलांटिक ओलांडणाऱ्या विमानाच्या बांधणीत त्याचा हात होता. त्याने १९३४ मध्ये विमानाच्याच रीतीने रोड चीफ हा ट्रेलर बांधला. पुढे वॉली बायमच्या एअरस्ट्रीमने तीच रीत घराघरांत पोचवली. आत फासळ्या आणि वर ताणून रिबीट केलेला पत्रा. ताकद दोघांत मिळून. नुसता सांगाडा उभा केला तर डुलतो, नुसता पत्रा उभा केला तर लवंडतो. बायमच्या नावाने निघालेला अशा ट्रेलरांचा तांडा १९६३-६४ मध्ये सिंगापूरहून निघून आपल्या देशातून पुढे थेट लिस्बनपर्यंत गेला होता.

रिबीट मारायला दोन माणसं लागतात. बाहेरून मी गन धरतो, आतून आमच्या मंडळी डॉली, म्हणजे जड लोखंडी ठोकळा, दाबून धरतात. दोघांच्या मध्ये पत्रा, तोंड दिसत नाही. रिबीट नीट बसला की ती आतून एकदा ठोकते, अजून मारायला हवा असेल तर दोनदा. कधी नुसतंच ओरडते, "अहो, थांबा, हात सरकला." रिबिटाचं एक डोकं कारखान्यात तयार होतं आणि दुसरं इथेच, त्या क्षणी, दोन हातांच्या दाबात तयार होतं. ते दुसरं डोकं आधी कुठेच नसतं.

दापोडीत आम्ही हेच मोठ्या प्रमाणावर करत होतो. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुण्याहून अहमदनगरला गेली. तिची बॉडी लाकडी आणि छत कापडाचं होतं. मग अॅल्युमिनियमच्या गाड्या आल्या आणि कित्येक पिढ्यांनी त्याच पाहिल्या. गेल्या दशकाच्या अखेरीस ठरलं की अपघातात अॅल्युमिनियमची बॉडी चुरगळते, माणसं जातात, म्हणून जुन्या चासींवर माइल्ड स्टीलच्या बॉड्या चढवायच्या. मी निवृत्तीला आलो होतो, तरी ते काम मी केलं आणि ते योग्यच होतं. जुनी बॉडी उतरायची, चासी धुऊन तपासून घ्यायची, वर नवा सांगाडा, नवे पत्रे, नव्या आसनांच्या रांगा. फाटकातून बाहेर पडताना पाटीवर तोच एमएच १४ बीटीचा नंबर. गावातल्या म्हातारीला ती नवी वाटायची आणि चालकाला जुनी, कारण त्याला गिअर तसाच लागायचा. दोघंही खरं बोलत होते.

मिलिंद राजा आणि भिक्षू नागसेन यांचा संवाद मी पहिल्यांदा वाचला तो पुष्कळ उशिरा. राजा ग्रीक वंशाचा, राजधानी सागल. नागसेन त्याला विचारतो, रथातून आलास ना, मग दांडी म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ? चाकं? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. मग या सगळ्यांना सोडून वेगळा कुठे रथ आहे? तेही नाही. तर रथ हे या भागांच्या मांडणीला लोकांनी दिलेलं नाव, आणि नागसेन हेही तसंच नाव. वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं. चासीवरून बॉडी उतरवताना मला जे दिसायचं ते कोणीतरी दोन हजार वर्षांपूर्वी बोलून ठेवलं होतं.

ग्रीक राजाने बौद्ध भिक्षूचं ऐकण्याची ही गोष्ट आमच्या मावळात परकी नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहात खांबांवर धेनुकाकट नावाच्या ठिकाणच्या यवनांची नावं दाते म्हणून कोरली आहेत. म्हणजे मिलिंद राजासारखीच यवन, अर्थात ग्रीक, म्हणवली जाणारी माणसं आमच्या तालुक्यात दगड कोरायला पैसे देत होती. त्याच चैत्याच्या छताला लाकडी फासळ्या आहेत, जवळजवळ दोन हजार वर्षांच्या. छत डोंगराच्या कातळाचं आहे, त्याला कुठल्याच फासळीची गरज नाही. पूर्वी लाकडाचे चैत्य बांधत, त्या रीतीचा मान राखून दगडात लाकूड बसवलं. मी ट्रेलरच्या आत वाकून वर पाहतो तेव्हा मला त्या फासळ्या आठवतात. इथल्या फासळ्या भार घेतात, तिथल्या घेत नाहीत. पण बदलायची पाळी आली तर मी आधी कुठल्या बदलीन? ट्रेलरच्या, बेशक. कार्ल्याच्या फासळीला हात लावायची माझी छाती नाही. जिचं काम काहीच उरलेलं नाही तिलाच हात लावायला मन धजत नाही, हे मला बराच काळ कोडं वाटत होतं.

आमच्या धर्मातही या प्रश्नाला एक उत्तर नाही. जगन्नाथपुरीला नवकलेवर होतं, शेवटचं २०१५ मध्ये झालं. देवाचं लाकूड सगळंच्या सगळं नवं घडवतात आणि जुन्या मूर्तीतला ब्रह्मपदार्थ डोळे बांधलेले सेवक रात्री नव्या मूर्तीत ठेवतात. तिथे वस्तू बदलते, आत काहीतरी एक राहतं. पंढरपुरात उलट. आमच्या विठोबाची झीज होते, कारण लोक पायांवर डोकं ठेवतात, तरी दुसरी मूर्ती घडवून बसवावी हा विचारही कोणी वारकरी करणार नाही. मूर्तीला वज्रलेप देतात. २०२४ मध्ये तर उन्हाळ्यात पदस्पर्शदर्शन बंद ठेवून गाभाऱ्यातली चांदी आणि नंतरच्या काळात लावलेली फरशी उतरवली, आणि खालचा काळा दगड मोकळा केला. मी दर्शनाला गेलो तेव्हा माझ्या शेजारचे एक गृहस्थ हळहळले, चांदीत देव शोभत होता म्हणाले. त्यांचं दुःख मला समजलं. त्यांच्या वडिलांनी ज्या देवाला पाहिलं तो चांदीतलाच होता. दगड जुना खरा, पण चांदीसुद्धा लोकांच्या भक्तीनेच आली होती.

मी माळकरी आहे. आत्मा नाही असं माझ्या तोंडून निघत नाही. पण पत्र्याच्या कामाने मला एवढं शिकवलं की वस्तूच्या आत असं काही लपलेलं मला कधी सापडलं नाही. गीतेतला जुन्या वस्त्रांचा दृष्टान्त कीर्तनात ऐकताना मन शांत होतं, कार्यशाळेत मात्र तो लागू पडत नाही. तिथे वस्त्रही झिजतं आणि जिने ते नेसलं ती चासीही झिजते. मग तीच गाडी म्हणायला आधार कुठला?

मला आधार मिळाला तो तुकोबांच्या चरित्रात. आमच्या घोरावाडीच्या डोंगरावर, भंडाऱ्यावर, भामचंद्रावर ते एकांताला जात असं सगळं मावळ सांगतं. घोरावाडीच्या डोंगरावरच्या घोराडेश्वराचं तर मूळच बौद्ध लेणं. धेनुकाकटच्या एका शेतकऱ्याच्या बायकोने मुलासह दान दिल्याचा लेख तिथे आहे, आणि आज तिथल्या एका गुहेत पिंडी आहे. महाशिवरात्रीला जत्रा भरते. पण मी सांगतोय ती गोष्ट देहूतली. सतराव्या शतकातल्या त्या मोठ्या दुष्काळाने तुकोबांचं घर मोडलं, बायको आणि मूल गेलं, दुकान बुडालं. पूर्वजांनी बांधलेलं विठ्ठलाचं देऊळ पडझडीला आलं होतं. त्यांनी ते दुरुस्त करायला घेतलं, आणि कीर्तन व काव्य त्यानंतर आलं. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. माणूस उद्ध्वस्त झाल्यावर त्याच्या हातून पहिलं काय झालं, तर डागडुजी. त्यांनी बसवलेली माती आज तिथे असणार नाही, देऊळ पुढे पुन्हा पुन्हा बांधलं गेलं. तरी ज्या परंपरेत त्यांचे पूर्वज विश्वंभरबाबा यांनी ते उभं केलं होतं ती मध्ये तुटली होती, ती तुकोबांनी जोडली.

अखंड हरिनाम सप्ताहात वीणा सात दिवस जमिनीवर ठेवत नाहीत. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, पहाटे दोनलाही कोणीतरी उभा असतो. घेताना आधीच्याच्या पाया पडायचं आणि तार थांबू द्यायची नाही. विणेकरी बदलतात, तार तुटली तर तारही बदलतात, सप्ताह एकच राहतो. आणि जर कोणी पहाटे झोप येऊन वीणा खाली ठेवली, तर वीणा शाबूत असूनही सप्ताह मोडला. इथे माझं कोडं सुटलं. वस्तू कोणत्या धाग्याने पुढे आली ते पाहावं, आणि तो धागा तुटू देऊ नये. एसटीचा धागा प्रवाशांचा आहे. रोज सकाळी गावात गाडी येते, पोरं शाळेत जातात, तो धागा राखायला पत्रा, सांगाडा, आसन सगळं बदललं तरी चालेल, बदललंच पाहिजे. कार्ल्याच्या फासळ्यांना भार नाही, प्रवासी नाहीत, त्यांचा धागा लाकडाचाच आहे. ते लाकूड गेलं की मागे फक्त माहिती उरेल. पंढरीचा धागा पायांवर टेकलेल्या कपाळांचा आहे, म्हणून मूर्ती बदलत नाहीत आणि झिजू नये म्हणून लेप देतात.

कोणी म्हणेल, मग काहीही बदलायला मोकळीक झाली. तसं नाही. धागा कुठला ते ओळखायला वस्तूजवळ बसावं लागतं, आणि बहुतेकदा ती एकाच धाग्याने आलेली नसते.

या ट्रेलरचं तसंच आहे. तो प्रवासाला बनला, पण त्याचं बहुतेक आयुष्य फणसाखाली गेलं. मालकांची आई लहानपणी पावसाळ्यात त्यात भावंडांबरोबर खेळायची. म्हणून चासी, आस, चाकं आणि जमीन मी बेधडक नवी घातली. रस्त्यावर जायचं तर ती भरवशाचीच हवीत. लोखंड आणि अॅल्युमिनियम यांच्या मध्ये सगळीकडे रबराची पट्टी दिली. पत्रा मात्र जितका वाचेल तितका जुनाच ठेवला. हा पत्रा मिश्रधातूचा आहे आणि त्याच्या दोन्ही अंगांना शुद्ध अॅल्युमिनियमचा थर असतो, एकेका बाजूला जाडीच्या पाच टक्क्यांच्या आसपास. पॉलिश म्हणजे त्यातलं थोडं घासून काढणं. आरशासारखा करण्याच्या हौसेने घासत गेलं की राखण करणारा थरच संपतो आणि आतला तांबेमिश्रित धातू उघडा पडतो. लोक येऊन म्हणतात, अजून चमकवा की. मी कंपाउंडचा हात आवरता घेतला आहे. माझ्यानंतर जो हा उघडेल त्याच्यासाठी घासायला काहीतरी शिल्लक राहायला हवं.

आतला पत्रा सोडवला तेव्हा फासळ्यांवर पेन्सिलीने लिहिलेले आकडे निघाले, बांधणाऱ्याच्या हातचे. ते पुसू दिले नाहीत. मधली एक फासळी नवी घडवावी लागली, तिच्यावर मी आमच्या मराठी आकड्यांत तिचा क्रमांक आणि साल टाकलं. मंडळींनी विचारलं, नाव नाही घालणार? मी म्हटलं, डोंगरावरच्या त्या शेतकरणीने लेण्यावर घातलं, तिने आख्खं लेणं दिलं होतं, मी एक फासळी दिली आहे. ती म्हणाली, डॉली मी धरली होती. ते खरंच होतं, म्हणून सालाखाली आता दोघांची आद्याक्षरं आहेत.

मागच्या बाजूला एक मोठा पोचा आहे, फणसाची फांदी पडली होती तिथला. मालकांचं म्हणणं, काका, एवढा खर्च करतोय तर तो पत्रा बदलूनच टाका. त्यांच्या आईचं म्हणणं, तो राहू दे, त्या रात्री आम्ही सगळे आत होतो. पोच्याच्या कडेला बारीक चीर आहे. चिरेच्या टोकांना भोकं पाडून आतून ठिगळ रिबीट केलं तर पाणी येणार नाही आणि पोचा राहील. मी त्यांना दोन्हीचा खर्च काढून दिला आहे. माझा कल ठिगळाकडे आहे, आणि तो मी आईंसमोर मोकळेपणाने सांगितला. येत्या रविवारी दोघं घोरावाडीला येतील, पत्र्याजवळ उभी राहतील, मग ठरेल.