‘राखीव’ अरण्य आणि निर्हेतुक दृष्टी

आबालाल रहिमान यांच्या निसर्गचित्रांत रंकाळ्याचे पाणी दृष्टीला अंतर देते. अरण्याच्या अंतर्भागाचे चित्र मात्र प्रेक्षकाला झाडांतच उभे करते. एकोणिसाव्या शतकात थिओडोर रूसोने फाँतेनब्लोचे अरण्य असे रंगवले. १८६१ साली त्या अरण्याचा काही भाग कलेसाठी राखीव झाला. १८७८च्या वनकायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानात राखीव जंगलांतील गावकऱ्यांचे हक्क संकुचित केले. कोल्हापूर संस्थानात दाजीपूरचे रान राजांच्या शिकारीसाठी राखले गेले. हेतू भिन्न असले, तरी मोळी वाहणाऱ्याचा हक्क सर्वत्र दुय्यमच ठरला. त्यामुळे सौंदर्यानुभवाची निर्हेतुकता हा नैतिक निर्दोषतेचा पुरावा मानता येत नाही. तथापि लाकडाच्या किमतीपलीकडे अरण्याला मूल्य असते, ही जाणीव दृढ करण्यात चित्रकारांचा वाटा होताच. म्हणूनच अशा चित्राचे सौंदर्य मान्य करतानाच, हे अरण्य कोणासाठी राखलेले, असेही समीक्षेने विचारले पाहिजे.