पत्नीचा अर्ज आणि पतीचें मौन

परदेशी पत्नीस येथें राहतां यावें म्हणून पति हमी देऊन सरकारांत अर्ज करतो. पण ती पूर्वीं परवान्यावांचून सीमा ओलांडून आली असेल, तर तें त्यानें सांगावें कीं लपवावें?

1955 च्या नागरिकत्व कायद्यानें भारतीयाशीं विवाह झालेली व्यक्ति सात वर्षें येथें राहिल्यावर नोंदणीस पात्र होते. बेकायदा शिरलेल्यास मात्र ही वाट बहुधा बंद आहे. 2025 च्या कायद्यानें अशा प्रवेशास पांच वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. तेव्हां मौन हेंच प्रेम, असें पतीस वाटल्यास नवल नाहीं. आणि सीमा ओलांडणारा प्रत्येक जण दुष्ट, असें नांदेड-लातूरकरांनीं तर म्हणूंच नये. 1948 सालीं रझाकारांच्या भयानें कित्येक कुटुंबें निजामी हद्द सोडून उमरखेडाकडे, सोलापुराकडे गेलीं. तेव्हां परवान्याचा विचार कोणी केला?

परंतु भयानें पळणें निराळें आणि अर्जावर खोटें लिहून सही करणें निराळें. सत्य लपवून मिळविलेली नोंदणी सरकार मागाहून रद्द करूं शकतें; म्हणजे पतीच्या खोट्यापायीं पत्नीनें आजन्म भीत राहावें. बवाजानें रूथेस पत्नी केलें तें वेशींत, वडिलांसमक्ष, आणि तिचें मवाबीपण बोलून दाखवून.

हें सांगणाऱ्यास कांहीं भोगावें लागत नाहीं, हें मी जाणतों. तरी पतीनें वकिलाच्या सल्ल्यानें खरें तेंच लिहावें. तिला परत जावें लागल्यास तिच्या निर्वाहाचा व मुलांचा भार त्यानें वाहावा. आणि त्यानेंच तिला बोलाविलें असेल, तर तो अपराध अर्जांत तिच्या एकटीच्या माथीं मारूं नये.