आतून लागणारी कडी

रस्त्यावर राहणाऱ्या निराधारांसाठी चाकांवरची न्हाणीघरे फिरविणे म्हणजे समाजाने आपल्या सदसद्विवेकाची समजूत काढणे होय, त्यांना घर द्या म्हणजे आंघोळीची तजवीज आपोआप होईल, असे प्रतिपादन एका विद्वान स्नेह्यांनी यंदा एका व्याख्यानमालेत केले आणि श्रोत्यांनी ते टाळ्यांच्या गजरात उचलून धरले. त्यांच्या तळमळीविषयी मला आदर आहे. परंतु घराची मंजुरी येईपर्यंत जी वर्षे जातात त्या वर्षांत खरजेने, उवांनी आणि पाळीच्या दिवसांनी गांजलेल्या देहाने काय करावे, याविषयी त्या व्याख्यानात एक अक्षरही नव्हते, आणि म्हणूनच हा लेख.

सॅन फ्रान्सिस्कोत डोनीस सँडोव्हल यांनी २०१४ साली 'लावा मे' या संस्थेची पहिली बस रस्त्यावर आणली. नगर परिवहनाने मोडीत काढलेली ती गाडी. तिच्यात दोन स्वतंत्र खोल्या, प्रत्येकीत शॉवर, शौचकूप आणि बेसिन. पाणी रस्त्याकडेच्या अग्निशमनाच्या नळाचे, गाडीतच तापविलेले. माझ्या लेखी मात्र या सगळ्याहून मोलाचे आहे ते त्या खोलीचे बंद होणारे दार. मुंबईच्या पदपथावर जी बाई पहाटेच्या अंधारात, अंगावरचे लुगडे न सोडता, कोणी पाहत तर नाही ना या धास्तीने दोन तांबे अंगावर घेते, तिला पाण्याइतकीच निकड आहे ती आतून लागणाऱ्या कडीची. पुण्यात पीएमपीच्या जुन्या बसगाड्यांतून स्त्रियांसाठी 'ती' नावाची स्वच्छतागृहे उभी राहिली, तेव्हा मोडीतल्या गाडीतून हा आडोसा निर्माण करता येतो याचा दाखला आपल्या घरीच मिळाला.

तात्पुरता उपाय कायमच्या उपायाची वाट अडवितो, ही हरकत उरते. तिच्या उत्तरासाठी मी लिव्हरपूलच्या किटी विल्किन्सनकडे वळतो. १८३२ च्या पटकीच्या साथीत या गरीब आयरिश स्त्रीने आपल्या स्वयंपाकघरातला पाणी तापविण्याचा हंडा शेजाऱ्यांना मोकळा करून दिला आणि आठवड्याला एक पेनी घेऊन रोग्यांचे कपडे, अंथरुणे तेथे धुऊ दिली. घरे मिळाल्यावर कपडे धुवा, असे तिने कोणाला सांगितले नाही. १८४२ मध्ये त्याच शहराच्या फ्रेडरिक स्ट्रीटवर सार्वजनिक धुलाईघर आणि स्नानगृह उघडले; १८४६ मध्ये पार्लमेंटाने कायदा करून अशी स्नानगृहे करांच्या उत्पन्नातून बांधण्याचा अधिकार नगरसंस्थांना दिला. एका स्वयंपाकघरातल्या तात्पुरत्या सोयीने कायद्याची वाट अडविली नाही, ती दाखविली.

येथवर आल्यावर मला माझ्या स्नेह्यांचे एक म्हणणे मान्य करावे लागते, आणि ते मी मनापासून करतो. किटीच्या हंड्यामागून कायदा आला म्हणून तिचे मोल. ज्या गाडीमागून काहीच येत नाही, जी देणगीदारांचा उत्साह आटताच बंद पडते, ती गाडी माणसाला एकदा कडीची सवय लावून पुन्हा उघड्यावर सोडते, आणि ही क्रूरता आहे. म्हणून ही सोय दया म्हणून नव्हे, हक्क म्हणून मिळाली पाहिजे. न्यूयॉर्कमध्ये १९९२ पासून सॅम त्सेंबेरिस यांनी व्यसनमुक्तीची वा उपचारांची अट न घालता प्रथम घर देण्याची पद्धत रूढ केली. माणसाने आधी पात्र व्हावे, मग त्याला मिळावे, हा क्रमच तिने नाकारला. तोच न्याय पाण्यालाही लागू आहे.

आपल्याकडे हा हक्क अर्ध्या वाटेवरच थांबला आहे. १९८५ साली ओल्गा टेलिस खटल्यात, सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या खंडपीठाने पदपथावरील माणसाचा उपजीविकेचा हक्क जीविताच्या हक्कात अंतर्भूत मानला, तरी पदपथावरून त्याला हटविण्याचा पालिकेचा अधिकार कायमच ठेवला. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अनधिकृत वस्तीतल्या रहिवाशालाही पाणी नाकारता येणार नाही असे ठरविले. वस्तीला निदान गल्ली असते, नळजोडणी मागायला जागा असते. पदपथावरच्या कुटुंबाकडे तीही नाही, म्हणून त्याच्यापर्यंत नळ चालत गेला पाहिजे. पालिकेच्या अंदाजपत्रकात जलखात्याच्या नावे या गाड्यांची कायम तरतूद असावी, त्या पहाटे कामावर जाण्याच्या वेळेआधी ठरल्या जागी उभ्या असाव्यात, आणि दारात ओळखपत्र मागण्याचा अधिकार कोणाही कारकुनास नसावा, एवढी माझी मागणी आहे. घराच्या मागणीवर माझ्या स्नेह्यांबरोबर माझीही सही आहेच.