एका वेदीपुढे दोघे

मजुरीच्या तंट्यात देवाला ओढणे म्हणजे देवाला बाजारात बसविणे होय, असा आक्षेप भाविक आणि नास्तिक दोघेही घेतात. आणि दोन विरुद्ध टोकांची माणसे एकाच निर्णयास आली की, त्या निर्णयाची थोडी झाडाझडती घ्यावी, अशी मला खोड आहे.

कॅलिफोर्नियातील डिलेनो गावच्या द्राक्षमळ्यांत 1965 च्या सप्टेंबरात लॅरी इटलिआँग यांच्या फिलिपिनो मजुरांनी संप पुकारला, आणि आठवडाभराने सेझर चावेझ यांच्या मेक्सिकन मजुरांनी त्यांना मिळण्याचा ठराव केला तो ग्वादालुपे मातेच्या चर्चच्या सभागृहात. 1935 च्या श्रमिक कायद्याने इतरांना संघटनेचा हक्क देताना शेतमजुरांना वगळले असल्यामुळे, ज्यांना सरकारदरबारी दाद मागण्याची सोयच नव्हती त्यांनी पुढल्या मार्चात ओळखीची वाट धरली: सॅक्रामेंटोपर्यंतची, सुमारे 300 मैलांची, पायी. पुढे ग्वादालुपे मातेचा ध्वज, मागे पायांना फोड आलेले चावेझ, हातात काठी. वारीत असे पाय पाहिलेल्या वाचकास त्याचे नवल वाटणार नाही. यात्रा वाटेत असतानाच शेन्ली या मद्यव्यावसायिक कंपनीने संघटनेस मान्यता दिली. ईस्टरच्या दिवशी यात्रा राजधानीत पोहोचली, तेव्हा गव्हर्नरसाहेब मात्र सुटीनिमित्त परगावी होते.

परंतु खरा पेच याहून खोल आहे. मजूर बहुतेक कॅथलिक, आणि क्रोएशियन व इटालियन वंशाचे कित्येक मळेवालेही कॅथलिकच. रविवारच्या मिस्सेत दोघेही गुडघे टेकून ख्रिस्तप्रसादासाठी जीभ पुढे करणारे. गावच्या धर्मगुरूंनी आरंभी अलिप्तता पत्करली (दानपेटीतल्या मोठ्या नोटा कोणाच्या, हे ठाऊक असलेल्याची अलिप्तता किती निखळ असणार!), आणि मजुरांच्या पाठीशी प्रथम उभे राहिले ते ख्रिस हार्टमायर यांच्यासारखे प्रॉटेस्टंट पाद्री. वास्तविक पोप तेरावे लिओ यांनी 1891 च्या परिपत्रातच सांगून ठेवले होते की, मालक-मजुरांत काहीही ठरलेले असो, निर्वाहास पुरेशी मजुरी हा त्या ठरावाहून जुना न्याय आहे; आणि तरुण चावेझ यांना ही शिकवण एका कॅथलिक धर्मगुरूनेच वाचावयास दिली होती. म्हणजे देवाला या तंट्यात मजुरांनी ओढले नाही. तो त्यांना तेथे आधीच बसलेला आढळला.

1968 मध्ये चावेझ यांनी 25 दिवसांचा उपवास केला, तो मळेवाल्यांना शरण आणण्यासाठी नव्हे, तर हिंसेकडे झुकू लागलेल्या आपल्याच माणसांसाठी. गांधींचा आदर्श त्यांनी कधी लपविला नाही. तरीही संघटनेतल्याच काही शहरी कार्यकर्त्यांना हा उपवास म्हणजे भाबडेपणा वाटला. मला ते त्या साऱ्या लढ्यातले सर्वांत कठोर कृत्य वाटते, कारण मालकाकडे न्याय मागणे सोपे, स्वतःच्या माणसांकडे संयम मागणे अवघड.

1970 च्या जुलैत, बिशपांच्या समितीच्या मध्यस्थीनंतर, डिलेनोच्या मळेवाल्यांनी करारांवर सह्या केल्या. 1935 च्या त्या कायद्यातून शेतमजूर मात्र आजही वगळलेलेच आहेत.