पायाळू

पायाकडून जन्मलेल्या माणसावर वीज पडते अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे. अशा माणसाला पायाळू म्हणतात. त्याचा पाय पाठीला लागला की भरलेली उसण उतरते, असेही मानतात. म्हणजे उन्हातान्हात त्याला घरी बोलावायचे आणि आभाळ गडगडू लागले की त्याच्यापासून दूर सरकायचे.

मी पायाळू आहे. लहानपणी गल्लीतल्या कितीतरी पाठींना आईने माझे पाय लावून दिले. आणि ढग दिसले की तीच आई मला ओसरीवरून आत ओढी.

1996 च्या मे महिन्यात एका लग्नाहून मी उटनूरकडून नार्नूरला स्कूटरने परतत होतो. दुपारभर अंगाची लाही झाली होती, झाडाचे पान हलत नव्हते. चारच्या सुमारास मावळतीकडून आभाळ काळवंडले आणि बघता बघता वाऱ्याने रस्ता धुळीत बुडवला. मोहाच्या फांद्या कडाकडा मोडू लागल्या. मग गारा आल्या. सुरुवातीला बोराएवढ्या, नंतर लिंबाएवढ्या. स्कूटर तिथेच टाकून मी कडेच्या वावरातल्या खोपीकडे धावलो. खोपी कसली, चार मेढी आणि वर गवत. आत आधीच दहा-अकरा माणसे दाटीवाटीने बसली होती. तेंदूपत्ता तोडून परतणाऱ्या गोंड बाया, एक लमाण कुटुंब, तेलुगू बोलणारे काही मजूर आणि वावराचा म्हातारा राखणदार.

एक वीज फार जवळ पडली. प्रकाश आणि आवाज यांच्यात श्वास घेण्याइतकेही अंतर नव्हते. म्हातारा म्हणाला, "कोनी पायाळू हाय का आतमंदी? असन तं भाईर बसा बापा. साऱ्याईले घेऊन नका मरू."

पायाळू हा शब्द मराठी. खोपीतल्या निम्म्या लोकांना तो कळलाच नाही. त्या मजुरांत कोणी पायाकडून जन्मलेला असेल, तर त्याला परभाषेने वाचवले. मला मायबोलीने बरोबर गाठले. मी खाली पाहत राहिलो.

तेवढ्यात लमाणांतला एक पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा उठला. "मी हाव, आजा," म्हणाला आणि बाहेर गेला. वीस-पंचवीस पावलांवरच्या धुऱ्याशी तो डोक्यावर हात घेऊन उकिडवा बसला. त्याची आई काहीतरी ओरडली, ते विजेच्या आवाजात विरले.

आता माझा गुन्हा सांगतो. मी त्या वेळी शाळेत विज्ञान शिकवीत होतो. पायाळूची समजूत खोटी आहे हे मला ठाऊक होते. खोट्या प्रश्नाला खरे उत्तर देणे म्हणजे अंधश्रद्धेला मान देणे, म्हणून मी गप्प राहिलो, असे पुढे मी पुष्कळ वर्षे स्वतःला सांगितले. युक्तिवाद वाईट नाही. अडचण एवढीच की तो मला खोपीत सुचला नव्हता, घरी कोरडे कपडे घातल्यावर सुचला. खोपीत मला फक्त गारांची भीती होती. आणि खोटे कशाला बोलू, किंचित विजेचीही होती.

बरे, समजूत खोटी होती तर मी त्या पोराला हाक मारून आत का बोलावले नाही? कारण "अरे, हे सगळे थोतांड आहे" एवढ्यावर कोणी ऐकले नसते. "मीही पायाळू आहे आणि इथेच बसलो आहे," असे म्हणावे लागले असते. त्याला आत आणणारे वाक्य त्या खोपीत एकट्या माझ्यापाशी होते.

एक गोष्ट आपण सर्वांनी ऐकलेली आहे. देवळात आडोशाला आलेली माणसे, घिरट्या घालणारी वीज. पापी कोण ते कळावे म्हणून एकेकाने समोरच्या झाडाला हात लावून यायचे ठरते. शेवटचा माणूस बाहेर पडतो आणि वीज देवळावर कोसळते. त्याच्याच पुण्याईने बाकीचे तोवर जगले होते. मीही ही गोष्ट पोरांना रंगवून सांगत असे. 2025 पासून सांगत नाही.

त्या वर्षी 12 जूनला गादीगुडा मंडलातल्या पिपरी गावी पेरणीला गेलेली माणसे पाऊस आला म्हणून शेतातल्या झोपडीत शिरली. तिथे वीज पडली आणि चौघे गेले. गादीगुडा पूर्वी नार्नूर मंडलातच होते, त्यामुळे ती बातमी मला शेजारच्या गल्लीतली वाटली. गोष्टीचा हिशेब लावला तर ते चौघे कोण ठरतात? पेरणीच्या दिवशी पेरायला गेलेल्या माणसांना पापी ठरवणारी गोष्ट कोणत्या तोंडाने सांगायची? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांप्रमाणे 2022 साली देशात 2,887 माणसे विजेने मेली. त्यांना शेतात राबावे लागत होते आणि जवळ पक्के घर नव्हते, हे कारण बहुतेकांच्या बाबतीत पुरेसे आहे. गवताची खोपी पाऊस अडवते, वीज अडवत नाही. एकट्या झाडाचा आडोसा तर त्याहून वाईट. पुण्याच्या हवामानशास्त्र संस्थेने 'दामिनी' अॅप काढले आहे, ते विजेची आगाऊ सूचना देते. पण सूचना मिळाल्यावर पळायचे कुठे, हा प्रश्न वावरातल्या माणसापुढे उरतोच.

म्हणजे त्या दिवशी बाहेरचा पोरगा आणि आतला मी जवळजवळ सारख्याच धोक्यात होतो. त्याच्या जाण्याने कोणी वाचले नाही, माझ्या बसण्याने कोणी मरणार नव्हते. मित्र म्हणतात, मग सोडून दे, कुणाचे काय बिघडले? मला हे पटत नाही. पोराने केले त्याचे मोल त्याला जे खरे वाटत होते त्यावरून करायला हवे. आपण मरू आणि हे वाचतील, असे मानून तो उठला. मग तोच काटा मलाही लावला पाहिजे. समजुतीवर विश्वास ठेवून गप्प बसलो असतो तर मी भित्रा ठरलो असतो. विश्वास नसताना गप्प बसलो, याला कोणता शब्द आहे ते मला अजून सापडलेले नाही. योनाच्या गोष्टीतल्या खलाशांनी वादळात चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा योनाने निदान तोंड उघडले होते.

अर्ध्या तासाने गारा थांबल्या. पोरगा आत आला, कपाळावर टेंगूळ, ओठ निळे. लग्नात आहेर मिळालेला टॉवेल मी त्याला दिला. त्याने अंग पुसले आणि घडी करून परत केला. "ठेव की," म्हटले तर "नको गुरुजी, तुमचा नवा हाय," म्हणाला.

मग म्हातारा ओल्या मातीवर पालथा झोपला. "आलाच हायेस तं पाय लाव बापा, चार दिसापासून उसण भरली." सगळे हसले, त्याची आईसुद्धा. पोराने चिखलाचा पाय खोपीच्या मेढीला पुसला आणि हलकेच म्हाताऱ्याच्या पाठीवर ठेवला.

मी माझे पाय चपलांत सरकवले आणि स्कूटर उचलायला बाहेर पडलो.