तक्रार की विनंती?

घरमालकाकडे पाण्याची तक्रार करावी की विनंती, हा प्रश्न वरवर व्याकरणाचा वाटतो. आहे मात्र नीतिशास्त्राचा. मुंबईतल्या पागडीच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याला तो रोज पहाटे पडतो. नळ सोडावा, तर आतून नुसता सुस्कारा!

मालकांचं उत्तर ठरलेलं : "अहो, भाडं देता किती?"

बँकेत खर्डेघाशी केलेल्या माणसाला हा हिशेब घटकाभर पटतो. जमा थोडी, तर उचल थोडी! पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ यातलं कलम २९ म्हणतं, की पुरेशा कारणाशिवाय मालकाने पाणी, वीज, जिन्यातला दिवादेखील तोडू वा अडवू नये. भाड्याच्या आकड्याची अट तिथे नाही. पाणी म्हणजे काही भाड्यावरचं व्याज नव्हे. तेव्हा तक्रारच, विनंती नव्हे.

इथवर ठीक. पण दाब कमी असला की खालचे नळ चालू असेपर्यंत पाणी वर चढत नाही. पाइप म्हणजे जॉइंट अकाउंट. तळमजला सकाळीच सगळं काढून घेतो, वर कालचं 'शिळं' पाणी ओतूनही देतो. त्याच्याशी भांडायला नको, म्हणून आपण मालकाशी भांडतो. मालक सोयीचा, त्याच्याकडे वाटीभर साखर मागायला जावं लागत नाही.

खरी तक्रार तीच, जिच्यावर नळ धो धो वाहणाऱ्याची सही असते. आमच्या अर्जावर वरच्या मजल्याच्या सगळ्या सह्या आहेत. तळमजल्याची जागा कोरी ठेवलीय. तिथे मात्र विनंतीच करावी लागणार.